वीज पायाळू पोरीला शोधत येते का?

नागपूरच्या एका आईचं पत्र आलं आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून थोडक्यात देते.

त्यांची मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. घर शहराच्या दक्षिण टोकाला, पुढे लहानसं अंगण. सासूबाई सोबत राहतात. मुलगी पोटात पायाळू होती, म्हणजे डोकं वर आणि पाय खाली, म्हणून सिझर करावं लागलं. पायाळू माणसावर वीज पडते, अशी सासूबाईंची पक्की समजूत आहे. अवकाळीचं आभाळ भरलं की त्या नातीला मधल्या खोलीत बसवतात आणि दार लोटून घेतात. 'काहून जाऊ देते पोट्टीले बाहेर? पायाळू आहे ते!' हे तिच्यादेखत म्हणतात. धाकटा तेव्हा अंगणात गारा वेचत असतो. आता मुलगी शाळेतही ढग दिसले की रडू लागते. यंदा तिनं आईला विचारलं, 'आई, वीज मला ओळखते का गं?'

आई लिहितात, 'मी बी. कॉम. झालेली, एका दुकानाचे हिशेब बघते. मला विज्ञान सांगता येत नाही. ढगावर ढग आपटतात, एवढंच सांगितलं. मग मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. वीज सूर्याहून पाचपट तापते, हे ऐकून ती आणखीच घाबरली. हे म्हणतात, मोठी झाली की कळेल आपोआप. सासूबाईंनी माझी दोन्ही मुलं वाढवली, त्यांचं मन मला मोडायचं नाही. पण ही अंधश्रद्धा घरातून कशी काढू? आणि भीती जाईल असं विज्ञान मुलीला कसं सांगू?'

---

तुमच्या मुलीचा प्रश्न मी दोन-तीनदा वाचला. तिला ढगांची भीती नाही, आवाजाचीही नाही. वर कुणीतरी आहे, त्याच्याकडे आपलं नाव आहे आणि ते आपल्याला शोधतंय, अशी तिची भीती आहे. एवढं ओझं घेऊन ते लेकरू शाळेत बसतं. म्हणून विज्ञान नंतर. आधी या प्रश्नाचं उत्तर द्या, आजच, आभाळ मोकळं असताना, तिला जवळ घेऊन: 'नाही. वीज कुणालाच ओळखत नाही. तू कशी जन्मलीस ते तुझ्या अंगावर कुठे लिहिलेलं नाही.'

ती 'कशावरून?' म्हणेल, तर तुम्ही हिशेबाच्या माणूस आहात, तिच्याबरोबर हिशेबच मांडा. दिवस पूर्ण भरले तरी शंभरातली तीन-चार बाळं पोटात डोकं वर करूनच असतात. म्हणजे हजार मुलांच्या शाळेत अशी तीस-चाळीस. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांवर होती, म्हणजे शहरात सत्तर हजारांहून जास्त माणसं तिच्यासारखी. तिच्या वर्गात एखादा असेल, भाजीवाले काका असतील, बसचा ड्रायव्हर असेल. वीज यांना शोधत फिरली असती, तर पहिल्याच अवकाळीत गावभर हाहाकार उडाला असता. हा गुणाकार तिला तिच्या वहीत करू द्या. आईनं सांगितलेलं उद्या विसरेल, स्वतः केलेला गुणाकार विसरणार नाही.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. तुमच्या पत्रात एक वाक्य असंच, जाता जाता आलं आहे: धाकटा तेव्हा अंगणात गारा वेचत असतो. मला मुलीपेक्षा त्याची काळजी जास्त वाटली. आभाळ गडगडत असताना जे मूल पक्क्या घरात आहे ते सुरक्षित आहे, आणि जे अंगणात आहे ते नाही. सासूबाईंनी नातीला आत घेतलं हे अगदी बरोबर केलं. चुकलं ते कारण. ते कारण फक्त तिच्यापुरतं आहे, म्हणूनच नातू बाहेर राहिला. घरातली अंधश्रद्धा काढायची, असं तुम्ही म्हणता. मी म्हणेन, सासूबाईंचा नियम ठेवा, कारण बदला आणि तो नियम सगळ्यांना लावा. हे लढाईपेक्षा सोपं आहे आणि लवकर होणारंही आहे.

त्यासाठी एकदा सासूबाईंजवळ निवांत बसा. गहू निवडताना, लसूण सोलताना, हात कामात असताना. 'हे खोटं आहे' असं म्हणू नका. विचारा: 'आई, तुमच्या माहेरी कुणावर वीज पडली होती का?' बहुतेक एखादं नाव निघेल. आपल्या देशात दरवर्षी दोन हजारांवर माणसं विजेनं जातात, आणि त्यातली बरीचशी शेतात काम करणारी, गुरं चारणारी, पावसापासून आडोसा म्हणून झाडाखाली थांबलेली असतात. ज्या बाईचं तरुणपण वावरात गेलं, तिनं हे ऐकलेलं नाही, पाहिलेलं असतं.

माझं आजोळ काटोलच्या बाजूचं. मी दहा-अकरा वर्षांची असताना तिथे निंबाखाली उभ्या असलेल्या तीन बायांपैकी एक गेली. इळा तिघींच्या हातात होता, ओल्या तिघी होत्या. गावाला एकच प्रश्न पडला: हीच का? दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर ठरून गेलं की ती पायाळू होती. ती खरंच पायाळू होती का, हे सांगायला तिची आई हयात नव्हती. पुढे कितीतरी वर्षांनी मला कळलं की त्या उत्तरानं उरलेल्या दोघींना जगायला मदत केली. 'आपण पायाळू नाही' एवढ्या आधारावर त्या पुन्हा वावरात जाऊ शकल्या. पण त्याच आधारावर त्या पुन्हा निंबाखालीही उभ्या राहिल्या असणार. चुकीच्या कारणाचा धोका तो हा.

सासूबाईंचं ऐकून झालं की मग म्हणा, 'तुमचं खरं आहे आई, आभाळ वाजत असताना अंगण नकोच. मग आता धाकट्यालाही आत घ्यायचं, आणि मी दोरीवरचे कपडे काढायला धावते तेही बंद. हे तुम्हीच बघायचं.' त्यांचा मान राहतो, अधिकार वाढतो, आणि मुलीच्या कपाळावरचा शिक्का पुसला जातो. एक मात्र ठामपणे मागून घ्या: 'पायाळू' हा शब्द तिच्यासमोर विजेच्या संदर्भात पुन्हा नको. इथे मी माघार घ्यायला सांगणार नाही. त्यांना तो शब्द सोडवतच नसेल, तर आपल्याकडे पायाळूच्या पायानं पाठीतली उसण जाते असंही म्हणतात, त्याची आठवण द्या. तेही खरं नाही, पण आजीच्या पाठीवर हलकेच पाय देऊन पोर हसेल तरी.

आणि आभाळात म्हातारी हरभरे भरडते, ही गोष्ट? ती सासूबाईंना मनसोक्त सांगू द्या. त्या गोष्टीत कुणाला शाप नाही, कुणाला खोलीत बसावं लागत नाही. विज्ञान आलं म्हणून म्हातारीला हाकलण्याची गरज नाही. उलट ती आपल्या कामाची आहे, ते पुढे सांगते.

'ढगावर ढग आपटतात' हे तुम्ही सांगितलंत याचं वाईट वाटून घेऊ नका. मी विज्ञानाची शिक्षिका, सुरुवातीची काही वर्षं मीही वर्गात हेच सांगत होते, कारण मलाही तसंच शिकवलं होतं. एकदा पाचवीतल्या एका मुलानं विचारलं, 'बाई, ढग तर धुक्यासारखा असतो ना, मग धुक्यावर धुकं आपटल्यावर आवाज कसा येईल?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा नीट वाचलं. तेव्हा आईला सगळं आलंच पाहिजे, हे मनातून काढून टाका. 'मला नाही माहीत, आपण शोधू' हे वाक्य मुलांना घाबरवत नाही. त्यांना भीती वाटते ती मोठ्यांच्या कुजबुजीची.

सुरुवात तुमच्या घरातल्या कूलरपासून करा. नागपूरच्या पोराला कूलर समजावून सांगावा लागत नाही. ताट्यांवरून पाणी ओघळतं, गरम हवा त्यातून आत येते, थोड्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते पाणी हवेतली उष्णता घेतं. म्हणून वारा गार लागतो. आता तिला विचारा: त्या वाफेचं कुठेतरी परत पाणी झालं, तर तिनं घेतलेली उष्णता कुठे जाईल? विचार करू द्या, घाई नको. ती उष्णता हवेला परत मिळते. ढगात हेच चालतं. ढग म्हणजे उलटा कूलर.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे जमीन तापते. दुपारी पारा ४४ वर, तिच्या लगतची हवा तापून हलकी होते आणि वर जाऊ लागते, फोडणीचा धूर वर जातो तशी. रोज जाते, पण रोज ढग होत नाही, कारण हवा कोरडी असते. बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्राकडून दमट वारा विदर्भापर्यंत पोचला, की त्या वर जाणाऱ्या हवेत बाष्प असतं. वर जाता जाता हवा थंड होते, बाष्पाचं पाणी होतं, आणि उलटा कूलर सुरू होतो. मिळालेल्या उष्णतेनं हवा आजूबाजूच्या हवेपेक्षा पुन्हा गरम, पुन्हा हलकी, पुन्हा वर. ढग मजल्यावर मजले चढवत जातो. दुपारी तीन-चारनंतर गच्चीवरून कोबीच्या गड्ड्यासारखा फुगत जाणारा पांढरा ढग दिसतो, तो हाच. बारा-पंधरा किलोमीटर उंच होतो तो. एव्हरेस्ट नऊ किलोमीटरही नाही.

इथे थोडं थांबा, कारण मुलांना सगळ्यात जास्त आवडणारा भाग आता येतो. वर जावं तसं गार होत जातं, आणि साधारण पाच किलोमीटरवर पाणी गोठण्याइतकं तापमान उतरतं. म्हणजे आपण खाली घामानं भिजून पन्हं पीत बसलेलो असतो, आणि भर मेमध्ये बरोबर आपल्या डोक्यावर बर्फ असतो. मी हे सांगितलं की वर्गातली मुलं हमखास वर, छताकडे बघायची.

त्या बर्फाचे दोन प्रकार. एक बारीक कण, पिठीसाखरेसारखे हलके. दुसरे साबुदाण्याएवढे मऊसर गोळे, जरा जड. वर झेपावणारा वारा कणांना घेऊन जातो, जड साबुदाणे खाली घसरत असतात, आणि जाता-येता ते एकमेकांना घासतात. घासताना एकाकडून दुसऱ्याकडे विद्युतभार जातो. साबुदाण्यांवर ऋण भार साठतो, कणांवर धन. कण ढगाच्या माथ्यावर जातात, साबुदाणे मध्यावर आणि खाली राहतात. हेच म्हातारीचं भरडणं. जात्याचे दगड नाहीत, हरभरेही नाहीत, पण वर घासणं चाललं आहे हे तिनं बरोबर ओळखलं होतं. घासताना भार नेमका असाच का वाटला जातो, यातल्या बारकाव्यांवर शास्त्रज्ञ अजून काम करताहेत. हे मुलीला जरूर सांगा. मोठ्या माणसांनाही सगळं कळलेलं नाही, हे ऐकून मुलांचा चेहरा खुलतो.

भार फार साठला की हवेला तो अडवून धरता येत नाही, आणि तो वाट फोडून धावतो. तीच वीज. पण चारातल्या साधारण तीन विजा जमिनीकडे येतच नाहीत. ढगातल्या ढगातच लखलखतात आणि विझतात. तुमच्या मुलीला ही गोष्ट सूर्याच्या आकड्याआधी कळायला हवी होती.

उरलेली जी खाली येते, ती कशी येते हे जरा सविस्तर सांगा, कारण तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. वीज ढगातून सरळ कुणावर नेम धरून सुटत नाही. ती अंधारात चाचपडत जिना उतरणाऱ्या माणसासारखी टप्प्याटप्प्यानं येते. एकेक टप्पा साधारण पन्नास मीटरचा, प्रत्येक टप्प्यावर फाटे फुटतात, कुठला फाटा पुढे जाईल हे आधी ठरलेलं नसतं. जमिनीच्या अगदी जवळ, शेवटच्या पन्नास-शंभर मीटरांत आल्यावरच खालच्या वस्तूंचा काही संबंध येतो. तेव्हा खालूनही, उंच आणि टोकदार गोष्टींमधून, बारीक ठिणग्या वर झेपावतात: झाडाच्या शेंड्यातून, टॉवरमधून, मोकळ्या वावरात उभ्या माणसाच्या डोक्यातून. ज्या ठिणगीची गाठ आधी पडेल, तिथून वीज जमिनीत जाते. उंची, टोक आणि एकटेपणा, एवढाच त्यातला हिशेब. निंबाखाली त्या दिवशी कोण गेली आणि कोण राहिली, हे कुणी कुठे कसं उभं होतं यावर ठरलं असणार, जन्मावर नाही.

गडगडाटाचं थोडक्यात. विजेची वाट अंगठ्याएवढी जाड, पण कित्येक किलोमीटर लांब. त्या वाटेतली हवा निमिषात तीस हजार अंशांपर्यंत तापते आणि फटाका फुटावा तशी फाकते. त्याचा आवाज. तुमच्या व्हिडिओतला सूर्याचा आकडा सूर्याच्या पृष्ठभागापुरता चुकीचा नाही, पण आठ वर्षांच्या मुलीला तो एकटाच हातात दिला तर ती तेवढाच धरून बसते. त्याच्यासोबत अंगठ्याची जाडी सांगा, डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं संपतं हेही सांगा. आणि जवळची वीज 'कडाड' करते, लांबची 'गुडगुड' का, असं तिनं विचारलं तर शाबासकी द्या. जवळ पडली की आवाज जवळजवळ एकदम येऊन आदळतो. लांबच्या विजेच्या वेगवेगळ्या टोकांचा आवाज एकामागून एक पोचतो आणि वाटेत घुमत येतो, म्हणून ती लांबलचक ऐकू येते.

राहिली ती पावसाआधीची गार झुळूक, धूळ आणि सुकलेली पानं उडवणारी. तोही कूलर, पण या वेळी सरळ. वरून पडणारा पाऊस वाटेतल्या कोरड्या हवेत सुकतो, हवा गार आणि जड होते, धाडकन खाली येते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. हीच गार हवा ढगाचा खालून येणारा गरम हवेचा पुरवठा तोडते. म्हणून असा एक ढग अर्धा-पाऊण तास, फार तर तासभर गाजतो आणि विरतो. शेजारी दुसरा उभा राहू शकतो, ते खरं. पण प्रत्येक वादळाला शेवट असतो आणि तो शेवट ते स्वतःच आणतं, हे खोलीत दार लावून बसलेल्या मुलीला कुणी सांगितलेलं नसतं.

एवढं सगळं एका बैठकीत सांगू नका. कूलर एका दिवशी, बर्फ दुसऱ्या दिवशी. दरवेळी आधी तिला विचारा, 'तुला काय वाटतं?' कधीकधी मुलांच्या डोक्यात आपण कल्पनाही करणार नाही असं चित्र असतं, आणि ते कळल्याशिवाय त्यावर काही बोलता येत नाही.

उन्हाळा संपायच्या आत घरी एक प्रयोग नक्की करा. आपली मार्च-एप्रिलची कोरडी हवा त्याला फार चांगली. पावसाळ्यात तो फसतो. थर्मोकोलची एक सपाट पाटी घ्या. पातळ ॲल्युमिनियमची ताटली घ्या, खाऊ पार्सल करायला मिळते तशी, आणि तिच्या मधोमध थर्मोकोलचा पेला उपडा चिकटवा. ती मूठ झाली. पाटी लोकरीच्या कापडानं मिनिटभर जोरात घासा. ताटली मुठीला धरून पाटीवर ठेवा. ताटलीच्या कडेला बोट लावा, 'चट्' असं बारीक काही होईल. मग मूठ धरून ताटली उचला आणि पुन्हा कडेजवळ बोट न्या. खोलीत अंधार असेल तर निळसर ठिणगी दिसते आणि ऐकूही येते. पहिल्यांदा तुमचं बोट, मग तिला वाटलं तर तिचं. ती जी 'चट्' ऐकेल तो गडगडाट, आणि दिसेल ती वीज, तिच्या बोटाएवढी. मी हा प्रयोग कितीतरी मुलांबरोबर केला. घाबरणारी मुलं आधी हात मागे ओढतात, दुसऱ्यांदा बोट हळूहळू पुढे नेतात, आणि चौथ्या-पाचव्या वेळी 'बाई, आणखी जोरात घासू?' म्हणतात. असे स्वस्तातले प्रयोग आवडले, तर आपल्या शहरात भरणारा अपूर्व विज्ञान मेळावा तिला दाखवा. तिथे महापालिकेच्या शाळांमधली मुलंच ते करून दाखवतात. गांधीसागराजवळचं रमण विज्ञान केंद्रही आहेच.

व्हिडिओंमध्ये बेंजामिन फ्रँकलिनचा पतंग हमखास येतो. तो १७५२ सालचा. ती गोष्ट सांगाल तेव्हा पुढच्याच वर्षीची गोष्टही सांगा: १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेऑर्ग रिखमान नावाचे शास्त्रज्ञ आकाशातली वीज मोजू पाहत होते, आणि विजेच्या धक्क्यानं जागीच गेले. संक्रांतीला सबंध गाव गच्चीवर असणाऱ्या आपल्या शहरात ही दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय पहिली सांगू नये.

माझा तुमच्याशी थोडा मतभेद आहे तो इथे. भीती पूर्ण जावी, असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, थोडी राहू द्यावी. वीज खरंच धोक्याची आहे. तिला न घाबरणारं मूल मला नको आहे. तुमच्या मुलीची भीती आज ढग दिसला की सुरू होते आणि कधी संपावी हे तिला ठाऊक नसतं. तिला मोजमाप हवं.

मोजमाप सोपं आहे. वीज चमकली की सेकंद मोजायचे, आवाज आला की थांबायचं. प्रकाश लगेच पोचतो, आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. सहा मोजून झाले तर वीज दोन किलोमीटरवर. तुमच्या घरापासून तेवढ्या अंतरावर काय आहे ते तिलाच ठरवू द्या, शाळा, बाजार, मावशीचं घर. आजीला घड्याळ द्या, नातीला वही. नऊ, चौदा, बावीस असे आकडे वाढत गेले की वादळ लांब चाललं, हे तिचं तिलाच दिसेल. आकडे उतरू लागले तर काय करायचं, तेही आधीच ठरलेलं असेल, कारण तोवर सगळे आत असतील. तिसाच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. खरं तर गडगडाट कानावर आला, तेव्हाच आत जावं. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर तीस मिनिटं बाहेर पडायचं नाही. पाऊस थांबला म्हणून धावणारी माणसं याच अर्ध्या तासात सापडतात.

आत म्हणजे पक्क्या घरात, मधल्या खोलीतच असं नाही. दार लोटून एकटीला बसवू नका, सगळे एका खोलीत बसा. खिडकीच्या लोखंडी गजांना हात नको, तेवढ्या वेळात आंघोळ नको, नळाखाली भांडी नकोत, चार्जरला लावलेला मोबाइल कानाशी नको. चार्जरवरून काढलेला मोबाइल चालतो. मोबाइल वीज ओढत नाही. बाहेर असाल तर काचा वर केलेली चारचाकी चालते. ऑटो, स्कूटर नाही. झाडाखाली कधीच नाही, चहूबाजूंनी उघड्या टिनाच्या शेडखालीही नाही. रबरी चपलेनं विजेपासून बचाव होत नाही. आणि हे सासूबाईंसकट सगळ्यांना माहीत हवं: वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही, त्याला हात लावता येतो. श्वास बंद असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करायची आणि १०८ ला फोन करायचा. निंबाखालच्या त्या बाईला बराच वेळ कुणी हात लावला नव्हता.

सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे इशारे बघत जा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं तयार केलेलं 'दामिनी' ॲपही मोबाइलवर घ्या. तुमच्या भोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरच्या टापूत विजा पडताहेत का, हे त्यात दिसतं. शाळेतल्या बाईंना भेटून हे सगळं सांगा, आणि आभाळ गडगडलं की मैदानावरची सगळीच मुलं आत घेतात का, तेही विचारा. रडणाऱ्या मुलीला एकटीला स्टाफरूममध्ये नेऊन बसवलं, तर घरातली तीच खोली तिला शाळेतही भेटेल.

यजमानांना एवढंच म्हणा: कळायला ती मोठी होईपर्यंत थांबलेली नाही. तिला आत्ताच कळलं आहे, फक्त चुकीचं. आणि हा अवकाळीचा मोसम सरून पावसाळा लागला तरी ती झोपेतून दचकून उठत असेल, शाळाच नको म्हणत असेल, तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांशी बोला आणि मुलांच्या समुपदेशकाची वेळ घ्या. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

उरल्या गारा. धाकटा आत बसायला तयार होणार नाही, कारण तीस मिनिटांत त्याच्या गारा वितळतात. त्याचंही बरोबर आहे. म्हणून आभाळ भरताना, पहिला गडगडाट व्हायच्या आत, थर्मोकोलचा एक खोका अंगणात ठेवा, तळाशी वीट घालून, म्हणजे वाऱ्यानं उडणार नाही. गारा त्यात पडू देत. थर्मोकोलमध्ये त्या बऱ्याच वेळ टिकतात. शेवटच्या गडगडाटाची वेळ मुलीनं वहीत लिहायची, तीस मिनिटं झाली की तिनंच सांगायचं, आणि मग दोघांनी मिळून खोका आत आणायचा. त्यातली सगळ्यात मोठी गार सुरीनं मधोमध कापून बघा. आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, एक दुधी, एक काचेसारखा. ढगात वेगवेगळ्या जागी पाणी तिच्यावर कसं गोठत गेलं, ते त्यात लिहिलेलं असतं. आजींनाही जवळ बोलवा, त्यांनी गार आतून पाहिलेली नसेल.